नेट गेल्याच्या वेळा

आमच्या गल्लीत माझ्या तोंडाला कोणी लागत नाही. बढाई नाही मारत. पुढचं सांगायला ते लागतं, म्हणून आधीच सांगून ठेवते. शाळा माझी चौथीपर्यंत. पण रॉकेलच्या रांगेत मधे घुसणाऱ्याला बाहेर ओढायचं असो, नाहीतर विहाराच्या ओट्यावर पत्ते कुटणाऱ्यांना उठवायचं असो, बायका आधी माझ्या दारात येतात. आमचे मालक धोंडीराम म्हणायचे, "शकू, तुला पोलिसात घ्यायला पाहिजे होतं." ते एकलहऱ्याच्या पावर हाऊसला होते. नाशिकरोडचं हे घर त्यांनीच बांधलं, खाली दोन खोल्या आणि वर एक. घर पुरं झालं आणि दोन वर्षांत ते गेले.

भिमाजीची गोष्टही आधीच सांगते. कोपऱ्यावरच्या भिमाजीने नळाला मोटर लावली होती. मोटर लावली की त्या घरी धो धो पाणी, आणि पुढच्या घरांना करंगळीएवढी धार. मी पंधरा बायका घेऊन त्याच्या मोरीत शिरले. फरशी उचलून मोटर काढली. रविवारी वंदना झाल्यावर त्याला विहारात सगळ्यांसमोर उभं केलं. म्हटलं, "रोज पंचशील म्हणतोस ना? न दिलेलं घेणार नाही, असं म्हणतोस ना? मग हे कोणी दिलं होतं तुला?" तो हात जोडून उभा राहिला. त्याची बायको खाली बघत होती. त्या दिवशी मला जेवण फार गोड लागलं.

ते दोन हजार सहा साल. आता पुढच्या उन्हाळ्याचं सांगते.

माझी सून तृप्ती साच्यांची चित्रं काढते. कागदावर नाही, कॉम्प्युटरवर. आधी अंबडला ऑफिसात जायची. संजना झाली, म्हणजे माझी नात, आणि ऑफिस सुटलं. कोणी सोडायला लावलं नाही असं मी चारचौघांत सांगायची. खरं सांगायचं तर "तान्ही पोर माझ्या गळ्यात टाकून हिंडायचं असेल तर तसं सांग" हे मीच म्हणाले होते. सहा महिन्यांत तृप्तीने वरच्या खोलीत आपलं ऑफिस थाटलं. जुना कॉम्प्युटर आणला, त्याची झाकणं काढून त्यात काय काय बसवलं आणि त्याला सर्व्हर म्हणायला लागली. तो रात्रंदिवस चालूच. तिची चित्रं त्यात ठेवलेली असायची आणि अंबडच्या वर्कशॉपमधली माणसं तिथे बसून ती उघडायची, बघून लोखंड कापायची.

"म्हणजे लोक आपल्या घरातच येतात म्हण की," मी म्हटलं.

"हो आई. फक्त चपला काढत नाहीत."

कमी बोलते, पण बोलते तेव्हा अशी.

एका मोठ्या कारखान्याने तिला वर्षभराचं काम देऊ केलं होतं. साहेबाची अट एकच. मे महिन्यात आठ दिवस ते परीक्षा बघणार. आठ दिवसांत लाइन तुटता कामा नये. आणि एवढे दिवस का तुटत होती, ते लिहून द्यायचं. नाहीतर काम पुण्याला जाणार.

कारण लाइन तुटत होती. शिमग्यापासून तुटत होती. कधी दिवसातून दोनदा, कधी दोन-दोन दिवस काहीच नाही. कॉम्प्युटर चालू, वर पंखा चालू, आणि नेट गायब. दहा मिनिटांनी आपोआप परत. तेवढ्यात तिकडे अर्धं चित्र पोचलेलं असायचं, मशीनवरचा माणूस हात चोळत बसायचा आणि इकडे तृप्तीचा फोन वाजायचा. "हो सर. बघते सर. सॉरी सर." वरून आवाज यायचा. आमच्या घरात सॉरी म्हणायची पद्धत नव्हती. मला ते टोचायचं.

तिने काही करायचं बाकी ठेवलं नाही. केबलची वायर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत येते. तिथे माळ्यावर नेटच्या दोन डब्या, हिरव्या दिव्यांच्या. तिथून निळी वायर जिन्याने वर. ती निळी वायर तिने नवी टाकली. कॉम्प्युटर उघडून आतलं कार्ड बदललं. एक डबी नवी आणली. पोरीला कडेवर घेऊन शिडीवर चढायची आणि डबीला हात लावून बघायची, तापते का. मला विचारायची, "आई, आत्ता लाइट गेली होती का?"

"नाही बाई. पंखा चालू आहे की."

मयूर, माझा मुलगा, कामावरून येऊन बूट काढता काढता म्हणायचा, "घरातून असलं होत नसतं. ऑफिस ते ऑफिस."

"ऑफिस कोणी सोडायला लावलं?" ती एकदा म्हणाली. माझ्याकडे न बघता.

केबलवाला बंटी आला. चोवीस-पंचवीसचा, अंगाने काडी. खांबावर चढला, उतरला. "मावशी, माझी लाइन क्लिअर आहे."

"क्लिअर आहे तर जाते कुठं? माहेराला? तुझ्या वायरीला खारी कुरतडतात, तुला पत्ता नाही. महिना झाला की बरोबर दारात उभा राहतोस."

बंटी हसला. तेव्हा त्याला हसू येत होतं.

मग एक दिवस तृप्तीने मला वही दिली. शंभर पानी, वर संजनाने कोपरा चावलेली. "आई, मी वर असते. मला कळेपर्यंत उशीर होतो. तुम्ही खाली असता. या डबीचा हा तिसरा दिवा गेला की घड्याळ बघून फक्त वेळ लिहायची. येईल ना?"

"न यायला काय झालं? घड्याळ कळतं मला."

सुनेने काम सांगितलं याचा राग यायला हवा होता. उलट बरं वाटलं. कॉम्प्युटरच्या कामात मला कोणी धरलं होतं. पाट सोडून मी खुर्ची घेतली, माळ्याकडे तोंड करून बसले.

आणि पहिल्याच दिवशी मला कारण कळलं.

दुपारचे पाऊण वाजले होते. नळ खरखरला. पाण्याची वेळ ठरलेली नव्हती, कधी अकराला, कधी तीनला, कधी दोन-दोन दिवस नाहीच. नळ खरखरला की मी उठायची. रेडिओ लावायची, मोठा. मग मोरीत जायची. कपडे धुवायच्या दगडामागे घमेलं पालथं असायचं, त्याच्याखाली मोटर. घर बांधताना भिंतींना पाणी मारायला मालकांनी घेतलेली. त्या शिमग्याला पाणी कमी झालं तशी मी दूरच्या प्लंबरला बोलावून ती नळाला जोडून घेतली होती. मयूर कामावर, तृप्ती पोरीला डोस पाजायला दवाखान्यात गेलेली. कोणाला कळलं नाही. बटण मोरीच्या दाराशी, माळ्याच्या खालच्याच बोर्डावर.

रोज बटण दाबताना माझी पाठ माळ्याकडे असायची. त्या दिवशी कामावर होते ना मी, म्हणून दाबता दाबता मान वळवली. मोटर घुर्र झाली. वर दोन्ही डब्यांचे सगळे दिवे एकदम मिटले. मग एक-एक करून लुकलुकायला लागले. तिसरा काही येईना.

वरून फोनची रिंग. "हो सर. बघते सर."

मी बटण बंद केलं. दिवा आला नाही. दहा मिनिटांनी आला. माझ्या हातात वही होती, पेन होतं. पहिल्या पानावर मी काहीच लिहिलं नाही.

मला वाटलं, योगायोग असेल. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम डोळे मिटून बटण दाबलं, जसं काही मी बघितलं नाही तर दिवा जाणार नाही. उघडले तर गेलेला.

तेव्हाच मोटर काढायची होती. एवढं सोपं होतं. घमेल्यात घालून माळ्यावर टाकली असती, विषय मिटला असता. पण पिंप अर्धं होतं. पोरीची दुपटी पडली होती. रोज वाटायचं, आजचा दिवस भरून घेते, उद्या काढते. आणि दुसरं खरं कारण असं की मी, शकुबाई, मोटर बसवणारी ठरत नव्हते. माझ्या मनात मोटरवाला तो भिमाजीच होता. मी नव्हते.

संध्याकाळी तृप्ती यायची. "आई, वही?"

रिकामी वही देता येईना. मग मी लिहिलं. दोन वाजता. दोन वाजून पाच मिनिटं. दोनला दहा कमी. कधी जे झालंच नाही ते. जे झालं होतं ते लिहिलं नाही.

तृप्तीने ती पानं अशी वाचली, जशी मी चौथीचा निकाल वाचला होता. "आई, हे बघा! फोन कधीही वाजतो, त्यावरून कळत नव्हतं. दोनच्या आसपासच जातं! म्हणजे ऊन. खांबावरचा जोड तापतो." मला तिने मिठी मारली नाही, पण हात धरला. "तुमच्यामुळे सापडलं."

बंटी तीन दिवस दीड ते अडीच खांबावर. मे महिन्यातलं ऊन. मी मनाने घातलेल्या वेळेला तो वर बसून जोड तपासत होता. तिसऱ्या दिवशी त्याचा घोळणा फुटला. नाकातून रक्त, शर्ट लाल. मी त्याला ओट्यावर निजवून डोक्यावर पाणी घातलं, कांदा फोडून हुंगायला दिला. "मावशी, काय नाही सापडलं," तो नाक धरून म्हणाला, "पण तुमचं पाणी लय गार आहे." ते पाणी त्या पिंपातलं होतं.

त्या रात्री जेवताना तृप्तीने ताट सरकवलं. "मलाच येत नाही," ती म्हणाली. "उद्या फोन करते कारखान्याला. सांगते, जमणार नाही."

मयूर म्हणाला, "अगं, मी तेच म्हणत होतो."

ती रडली नाही. रडली असती तर मी काहीतरी बोलले असते, तोंड चालवलं असतं. ती पोरीच्या ओठांवरचा वरणभात पुसत बसली. तिला येत नाही असं ती म्हणत होती, आणि येत होतं सगळं. फक्त तिच्या सासूने तिला खोटं वाचायला दिलं होतं.

"आठ दिवस बघ," मी म्हटलं. "एवढं केलंस, आठ दिवस बघ."

दुसऱ्या दिवसापासून परीक्षा होती. मी मोटर लावली नाही.

नळाला धार आली ती सुईतून दोरा जावा तशी. एक कळशी भरायला वीस मिनिटं. मी मोरीच्या उंबऱ्यावर बसून राहिले. डबीचा दिवा हिरवा. रेडिओ बंद.

तिसऱ्या दिवशी पलीकडच्या वत्सलाबाई दारात आल्या. त्यांची आमची भिंत एकच आहे. गुडघे गेलेले, तरी रोज कोपऱ्यावरून पाणी वाहायच्या. मी त्यांना म्हटलं होतं, तुमचा पाइपच चोंदलाय, बदलून घ्या. आता हातात भरलेला हंडा.

"शकुबाई, जयभीम. माझ्या नळाला पाणी आलं. तीन दिवस झाले, बदाबदा हाय. तुमच्याकडं नाय वाटतं? घ्या हा."

मी हात पुसले. हंडा घेतला. घेताना तो एवढा जड लागला की खाली ठेवावा लागला. वत्सलाबाई आत डोकावल्या, मोरीकडे बघितलं, आणि गेल्या.

आठ दिवस झाले. लाइन एकदाही तुटली नाही. मयूर पेढे घेऊन आला. मला वाटलं, सुटले. कोणाला काही कळलं नाही, कळणारही नाही.

तृप्ती मात्र वही घेऊन स्वयंपाकघरात येऊन बसली. पेढा तसाच.

"खा की," मी म्हटलं.

"कारण लिहून द्यायचंय, आई. काय लिहू? मी या आठ दिवसांत काहीच केलं नाही. आपोआप बरं झालं. आपोआप बरं झालेलं आपोआपच परत बिघडतं. सही मी करायची, आणि पावसाळ्यात परत गेलं तर? त्यांचे लोक बसून राहणार. मी नाही अशी सही करणार."

"अगं, लिही काहीतरी. ऊन लिही."

"ऊन आजही आहे."

मी पोळी लाटत होते. लाटणं थांबलं. मला वाटलं होतं, मोटर बंद केली की माझ्यापुरतं संपलं. तसं नव्हतं. तिला कारण पाहिजे होतं, आणि ते माझ्याकडे होतं.

"उठ," मी म्हटलं.

मोरीत नेलं. घमेलं उचललं. तिने मोटरकडे बघितलं, मग पाइपकडे, मग बोर्डाकडे, मग वर माळ्याकडे. तिला सांगावं लागलं नाही. तिचे डोळे एका वायरीवरून दुसऱ्या वायरीवर गेले आणि थांबले.

"मोटर सुरू होताना व्होल्टेज पडतं. वर यूपीएसची बॅटरी आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "म्हणून कॉम्प्युटर जात नव्हता. डब्यांना नाही." मग माझ्याकडे वळली. "लावा."

"काय?"

"बटण दाबा, आई. मी बघते."

मी दाबलं. दिवे मिटले. तिने वहीत वेळ लिहिली. दहा मिनिटं आम्ही दोघी डबीकडे बघत उभ्या. दिवा आला.

"परत."

मी परत दाबलं. परत मिटले.

"परत."

"आता पुरे की."

"तीनदा बघायचं असतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला झेपलं असतं. मी तिसऱ्यांदा दाबलं. त्या पंधरा बायका आणि उचललेली फरशी मला दिसत होती, फक्त मोरी माझी होती.

ती वहीची मागची पानं उलटायला लागली. "मग या दोनच्या वेळा?"

"त्या मी मनाने घातल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

तिने बोट एकेका वेळेवरून खाली नेलं. "बंटी तीन दिवस वर होता, आई."

मी खाली बघितलं. भिमाजीच्या बायकोने बघितलं होतं तसंच.

मग तिने पेन उघडलं. "काय लिहू? घरातलं एक विजेचं उपकरण, एवढं लिहिते."

"मोटर लिही."

"कोणाची विचारतील."

"सासूची लिही."

तिने लिहिलं की नाही, मला इंग्रजी कळत नाही. काम तिला मिळालं. पण ती दोन दिवस माझ्याशी पोरीपुरतंच बोलली.

मोटर मी गोणपाटात बांधून वत्सलाबाईंच्या दारात नेली. ठेवली. म्हटलं, "तुमचं पाणी मी ओढत होते."

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही. "म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"भिंत एक हाय, शकुबाई. तुमचा रेडिओ लागला की समजायचं, माझा नळ गेला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या तोंडाला कोण लागणार?"

मी तिथेच पायरीवर बसले. "आणि तो हंडा?"

"बघाया आले व्हते," त्या सुपातला खडा फेकत म्हणाल्या, "मोटर जळाली का काय."

रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी उभी राहिले. त्याच जागी. कोणी उभं केलं नव्हतं. जे होतं ते सांगितलं, मोटर सांगितली, वही सांगितली, बंटीचं नाक सांगितलं. एरवी माझा आवाज रस्त्यापर्यंत जातो. त्या दिवशी मागच्या ओळीतून कोणीतरी म्हणालं, "जरा मोठ्याने बोला." बायका एकमेकींकडे बघत होत्या. तृप्ती पोरीला घेऊन दाराशी उभी होती, येईल असं मला वाटलं नव्हतं.

मी म्हटलं, "भिमाजी, तुला इथं उभं केलं होतं मी."

भिमाजी मागून उठला. मला वाटलं, आता व्याजासकट घालणार तोंडावर. तो म्हणाला, "किती हॉर्सपॉवरची?"

"अर्धा."

"माझी पाव हॉर्सपॉवरची होती," तो म्हणाला आणि खाली बसला.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

त्याला आता बरेच दिवस झाले. डब्यांना तृप्तीने वेगळा यूपीएस लावलाय. बंटी येतो तेव्हा मी त्याला आधी पाणी देते, मग बोलते, आणि कमी बोलते. गल्लीतल्या बायका अजून येतात माझ्या दारात, पण पाण्याच्या भांडणाला नाही येत. त्यासाठी दुसरीकडे जातात, आणि मी विचारत नाही कुठे.

परवा दुपारी तृप्तीने संजनाला नाचवायला रेडिओ लावला. मोठा. भिंतीपलीकडे भांडं वाजलं आणि वत्सलाबाईंचा आवाज आला, "शकुबाई?"

मी मोरीपासून लांब, पाटावर बसले होते. दोन्ही हात पिठात होते. तरी मला घाम फुटला.

"नुसता रेडिओच आहे!" मी ओरडून सांगितलं.

पलीकडे भांडं खाली ठेवलं. मग त्यांनी नळ सोडून बघितल्याचा आवाज आला.